पाण्याचा जमाखर्च

बुलढाणा जिल्ह्यातून अजिंठ्याच्या डोंगराची रांग गेली आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे पुष्कळसे पाणी पैनगंगेच्या वाटेने वर्धा, प्राणहिता व गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. उत्तरेकडचे पाणी पूर्णेच्या संगतीने तापीत जाते व अरबी समुद्र गाठते. एकाच ढगातून उतरलेल्या दोन थेंबांची अशी कायमची ताटातूट होते. लोक या दोन भागांना घाटावरचा व घाटाखालचा मुलूख म्हणतात. घाटावर कित्येक ठिकाणी मातीचा थर उथळ, त्याखाली मुरूम व काळा पाषाण. तेथे पावसाचे पाणी उतारावरून लगबगीने निघून जाते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जमीन काळी, खोल व सकस आहे. परंतु पुष्कळ गावांत विहीर खणली तर पाणी खारे लागते. म्हणून त्या प्रदेशाला खारपाणपट्टा हे नाव पडले आहे.

या दोन्ही मुलखांतील कापूस, सोयाबीन व तूर ही पिके बहुतांशी पावसाच्या भरवशावर उभी असतात. पाऊस वर्षाला किती पडला, एवढ्याने शेतकऱ्याचे भागत नाही. तो केव्हा पडला हेही महत्त्वाचे असते. शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर पीक माना टाकते. मग पुढे एका रात्रीत धो धो पाऊस कोसळला, तरी गेलेला दाणा परत येत नाही. असा लहरीपणा पूर्वीही होता. पण पृथ्वीचे तापमान वाढू लागल्यापासून तो अधिक जाचक झाला आहे. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढले, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधक व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले.

या प्रश्नाकडे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एका प्राध्यापकाचे लक्ष वळले. त्यांचे नाव मिलिंद सोहोनी. त्यांचा मूळ विषय संगणकशास्त्र. कोणती गणिते संगणकाला झटपट सुटतात व कोणती सुटत नाहीत, हे त्या शास्त्रातील एक गहन कोडे आहे. त्या कोड्याकडे भूमितीच्या वाटेने जाण्याचा एक नवा मार्ग त्यांनी केतन मुळमुळे यांच्यासह २००१ साली मांडला. अशा कीर्तीच्या विद्येत रमलेल्या माणसाने विहिरीच्या काठी जाऊन दोर सोडावा व पाण्याची खोली मोजावी, हे पुष्कळांना नवलाचे वाटेल. पण सोहोनींनी तेच केले. त्यांच्या संस्थेत १९८५ साली स्थापन झालेले ‘सितारा’ नावाचे एक केंद्र आहे. ग्रामीण भागाला उपयोगी पडणाऱ्या तंत्रज्ञानाचा विचार तेथे होतो. या केंद्रातून ते व त्यांचे विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात जाऊ लागले. पावसाळ्यात जेथे पाऊस आवरत नाही, तेथेच उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट का करावी लागते, याचा शोध त्यांनी घेतला. ज्या मुलखात आपण राहतो, तेथील प्रश्न हाच आपल्या अभ्यासाचा विषय झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे २०१८ साली महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हाती घेतला. हवामानाच्या बदलाला तोंड देण्याचे बळ शेतीला यावे, हा त्याचा हेतू. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतील सुमारे ५ हजार गावे त्यात होती. बुलढाणा जिल्ह्यातील गावे व पूर्णेचा खारपाणपट्टा यांचाही त्यांत समावेश होता. या गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली.

ही रीत घरच्या जमाखर्चासारखीच आहे. एका चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमा होते. एका हेक्टरवर ते १० हजार लिटर होते. समजा, गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे व वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर झाला. तर त्या गावाच्या खाती ७०० कोटी लिटर पाणी जमा झाले! आकडा पाहून वाटते, आता टंचाई कसली? पण खर्चाची बाजू मांडू लागताच भ्रम दूर होतो. काही पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून जाते, काही माती धरून ठेवते, काही खोल झिरपून विहिरींना मिळते. पिके मुळांनी पाणी शोषतात व पानांवाटे हवेत सोडतात. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर त्यातला मोठा भाग वाहून जातो. तोच थोडा थोडा दहा दिवसांत पडला, तर पुष्कळसा मुरतो. म्हणून हा हिशेब वर्षाचा एकदम मांडून चालत नाही, दिवसाचा दिवसाला मांडावा लागतो. रोजचा पाऊस, मातीचा प्रकार व खोली, जमिनीचा उतार आणि पीक ही माहिती घेऊन कोणत्या पिकाला किती पाणी कमी पडले, हे संगणक सांगतो.

तूट कळली म्हणजे उपायही सुचतो. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही; तेथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवणे हिताचे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल शेततळ्यात उतरत्या कडा धरून सुमारे २० लाख लिटर पाणी मावते. एका हेक्टरला ५० मिलिमीटर पाणी द्यायचे, तर ५ लाख लिटर लागतात. ऐन ओढीच्या वेळी दिलेले असे एखादे पाणी हातचे पीक वाचवू शकते.

पण ताळेबंद कधी कधी कटू सत्यही सांगतो. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकाने विहीर अधिक खोल केली की नवे पाणी जन्मास येत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी इकडे येते, एवढेच. शिवारात जमा कमी व मागणी जास्त असेल, तर कोणी किती उपसावे व कोणते पीक घ्यावे, हे गावाला एकत्र बसूनच ठरवावे लागते. तो निर्णय संगणक घेऊ शकत नाही. शिवाय संगणकाचा आकडा हा अखेर अंदाजच. शिवारफेरी काढून, विहिरीची पातळी मोजून तो पडताळावाच लागतो.

म्हणूनच या कामात विद्वानाच्या गणिताइतकेच गावकऱ्याच्या नोंदीला मोल आहे. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस वहीत लिहिणारा विद्यार्थीही या शास्त्राची सेवाच करीत असतो. पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. पण पडलेल्या पावसाचा चोख हिशेब ठेवणे आणि तो शेजाऱ्याशी प्रामाणिकपणे वाटून घेणे, हे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती आहे.