ढोल विकला, पत्रा बडवला!

दोस्तांनो, बर्लिनच्या कॉटबुसर टोर स्टेशनावर उतरलात, की आधी काय ऐकू येईल? खडखडाट! इथली भुयारी रेल्वे क्रॉइत्सबेर्ग भागात चक्क वर येते आणि लोखंडी खांबांवरून धावते. खाली तुर्की भाजीवाले, कबाबची दुकानं. तिथून थोडं चाललात की ओरानिएनश्ट्रासे हा रस्ता लागतो. त्यावरच्या 190 नंबरच्या इमारतीत 'एस-ओ-36' नावाचं संगीतघर आहे. नाव विचित्र वाटलं ना? अहो, तो तर या भागाचा जुना टपाल क्रमांक : आग्नेय, 36!

हे संगीतघर 1978 साली उघडलं, तेव्हा पश्चिम बर्लिनला चहूबाजूंनी भिंत होती. क्रॉइत्सबेर्गचा हा कोपरा तर भिंतीला अगदी टेकलेला. त्यातून इथून मोठा मोटाररस्ता काढायची जुनी योजना होती. घर पाडायचंच म्हटल्यावर डागडुजी कोण करणार? घरं ओस पडली, भाडी घसरली. मग तरुण मंडळी आली. पश्चिम बर्लिनमध्ये सक्तीची लष्करभरती नव्हती, हेही एक कारण बरं का! 1981 मध्ये शहरातल्या दीडशेहून अधिक रिकाम्या घरांत ही मुलं बिनपरवाना राहत होती.

त्यांतल्याच काहींचा एक बँड 1 एप्रिल 1980 ला पहिल्यांदा रंगमंचावर आला. नाव उच्चारून पाहा : आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन. म्हणजे 'कोसळणाऱ्या नव्या इमारती'! आणि सातच आठवड्यांनी शहरातल्या आधुनिक काँग्रेस सभागृहाचं छप्पर खरोखरच कोसळलं. त्यात एकाचा जीव गेला. योगायोगच, पण अंगावर काटा येतो.

गायकाचं नाव ब्लिक्सा बारगेल्ड. 'बारगेल्ड' म्हणजे रोख रक्कम, आणि तीच तर कुणाकडे नव्हती! ढोल वाजवणाऱ्या उन्रूहनं पैशांच्या चणचणीपायी आपला ढोलांचा संच विकून टाकला. आता वाजवायचं काय? भंगारातले पत्रे, पाइप, स्प्रिंगा! मोठ्या स्प्रिंगला छोटा मायक्रोफोन चिकटवून टिचकी मारा, देवळातल्या घंटेसारखा आवाज घुमतो. 1980 च्या जूनमध्ये तर त्या दोघांनी मोटाररस्त्याच्या पुलाच्या पोकळीत शिरून ध्वनिमुद्रण केलं. बाहेर वाहनं, आत घणघणाट. आलेक्झांडर हाके त्यांच्यात आला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता. म्हणजे आपल्या नववी-दहावीतला!

आई-बाबा, तुम्हीही वाचत असाल, तर खरं सांगते : 1981 ची त्यांची पहिली मोठी तबकडी 'कोलाप्स' मला पाच मिनिटंही ऐकवेना. कान दुखले. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र त्या ठोक्यांत लय सापडली, आणि पडक्या घरांचं ते शहर डोळ्यांपुढे आलं. गोड नाही, पण खोटंही नाही. (आणि मुलांनो, रंगमंचावर ते ड्रिल मशीनसुद्धा चालवत. तुम्ही डबे-पातेल्यांवरच थांबा हं!)

9 नोव्हेंबर 1989 ला भिंत खुली झाली. कोपऱ्यातलं क्रॉइत्सबेर्ग एकदम शहराच्या मध्यात आलं, आणि पुढे भाडी अशी वाढली की जुन्या रहिवाशांना परवडेनात. बँड मात्र टिकला. 2024 मध्येही त्यांची नवी तबकडी निघाली. 'एस-ओ-36' वर 2009 मध्ये शेजारच्या तक्रारीमुळे बंद पडायची पाळी आली होती. आवाज फार होतो म्हणे! मग वाद्यवृंदांनी मदतीचे कार्यक्रम केले, लोकांनी पैसे दिले, आणि त्या पैशांतून क्रॉइत्सबेर्गमध्ये बांधली काय, तर आवाज अडवणारी भिंत!