गाभ्यातला पिवळा

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे. वैद्यकाला हे मान्य नाही. त्या रुग्णालाही रंग बहुधा इतरांसारखेच दिसतात. आमची तक्रार मात्र वेगळी आहे. या म्हणीने कावीळ पाहणाऱ्याच्या माथी मारली आणि नवजात जीव तिच्यातून निसटला. त्याच्या बाबतीत पिवळे दिसायला हवे ते आपल्याला.

खारदांड्याच्या कोळीवाड्यात आम्ही वाढलो. तिथल्या गल्ल्या अरुंद. ऊन जमिनीपर्यंत उतरता उतरता दुपार होते. तरी बाळ पिवळे दिसले की ‘कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला ठरलेला. हळद-तेलाने माखलेल्या अंगावर, पिवळ्या दिव्याखाली, तो रंग कितीजणींना ओळखू येत असेल? (ट्रंकेतल्या दुपट्यांमधल्या डांबराच्या गोळ्यांची गोष्ट निराळीच. जी-सिक्स-पी-डी हे विकर ज्या बाळांत कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेनेही फुटू शकतात.)

उन्हाच्या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांनी उन्हात नेलेले एक बाळ डॉक्टरांना दाखवले. सारे अंग फिकटले होते, चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळा उरला होता. त्यातूनच दिव्यांचा उपचार जन्मला. पण बिलिरुबिन झपाट्याने चढत असता उन्हावर विसंबणे म्हणजे वेळ दवडणे. तेव्हा रक्त तपासावे लागते, दिवे लावावे लागतात, प्रसंगी रक्तच बदलावे लागते. आई-बाळाचे रक्तगट न जुळणे हे तर नेहमीचे कारण. ज्या शहरात डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ साली ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला, तिथे याचे विस्मरण शोभत नाही.

वेळ टळली तर रंग मेंदूत उतरतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी १९०४ मध्ये त्याला केर्निक्टेरस म्हटले. ‘केर्न’ म्हणजे गाभा. मेंदूच्या खोल भागातले गाभे पिवळे पडतात. वाचलेल्या मुलाचे हातपाय अनावर वळवळतात, ऐकणे बिघडते, नजर वर नेता येत नाही. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते, आणि याची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

आमच्या गल्लीत असा एक मुलगा होता. त्याला ‘खुळा’ म्हणत. ओठांकडे पाहून विनोद कळला की सर्वांआधी तोच हसे. संक्रांतीला पतंग चढू लागले की तो सारी मान मागे टाकी; डोळे एकटे वर जात नसत.