अंगणाची मापं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. ही म्हण ज्यांच्या तोंडी पहिल्यांदा आली त्यांनी उमेदवारी करणाऱ्यांचा विचार केला असेल का? म्हणीला अनुभव हवा आहे, पण तो स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पैशाने. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत मात्र मुलांना दुसऱ्याच्या ऑफिसात दुसऱ्यांची घरं काढावीच लागतात. माझ्या भाचीचं ऑफिस तर परदेशात. ज्या रस्त्याचं शीट ती रात्री जागून पूर्ण करते, त्या रस्त्यावर तिच्या ओळखीचं कोणी राहत नाही.

पुण्यात वाढलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी 1951 मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिएंकडे गेले. पहिले आठ महिने बिनपगारी काम, भाषा येत नाही. पण त्यांच्या टेबलावरच्या नकाशांत चंदीगड आणि अहमदाबाद होतं. परक्या गावी बसून ते आपल्याच उन्हाचा हिशोब मांडत होते. आचऱ्याचे अच्युत कानविंदे त्याआधीच सरकारच्या वतीने हार्वर्डला ग्रोपियसांकडे शिकून आले होते. कोकणातलं घर डोळ्यांत असलेल्या माणसाला तिथे काय नवीन दिसलं असेल आणि काय दिसेनासं झालं असेल, हे मला कुणाला तरी विचारायचं आहे.

म्हणीकडे परत येतो, कारण तिच्यातली जोडी मला सोडवत नाही. घराशेजारी लग्नच का? खर्च दोन्हीकडे असतो, हे उत्तर मला पुरत नाही. कोकणातल्या आमच्या चौलात लग्न म्हणजे आधी एक घरच बांधायचं असतं. पोफळीचे वासे उभे करायचे, वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, सगळं सुंभाने बांधलेलं. खिळा नाही, नकाशा नाही. खांब कुठे रोवायचा हे पंगतीवरून ठरतं: दोन पंगती समोरासमोर बसल्या की वाढप्यांना मधून जाता आलं पाहिजे. कमरेत वाकून वाढणारा माणूस हेच त्या बांधकामाचं माप. चार दिवसांनी मांडव उतरतो, वासे वाडीत परत जातात, आणि अंगण पुन्हा रिकामं दिसतं.

रिकामं दिसतं, हेच मला बोचतं. आमच्या भागातली, अष्टागरातली जुनी घरं पाहा: रस्ता, अंगण, ओटी, माजघर, मागे विहीर आणि तिच्यापुढे पाटाच्या पाण्यावरची वाडी. यातलं अंगण कागदावर आलं की त्यावर ‘मोकळी जागा’ असं लिहिलं जातं. मांडव, वाळत घातलेली सुपारी, मयताला जमलेली माणसं, सगळं त्या दोन शब्दांत बुजतं. मुंबईकरांनी घेतलेल्या वाड्यांत आता त्याच जागी पोहण्याचे तलाव होतात. त्यांना मी दोष देत नाही; त्यांच्या हातातल्या नकाशात तिथे काहीच नव्हतं.

रेखून बांधलेलं शहरही आमच्या शेजारी आहे. रेवदंड्याची तटबंदी पोर्तुगीजांची, त्यांच्या हिशोबाने उभी राहिलेली. 1740 मध्ये ते गेले. आज तटाच्या आत माड-पोफळी आहेत, विहिरी आहेत, वस्ती आहे. ज्यांनी आखलं त्यांच्यातलं कोणी उरलं नाही; जे राहतात त्यांना आखताना कोणी विचारलं नव्हतं, आणि तरीही ते तिथे सुखाने राहतात. हे पाहिलं की भाचीने परक्या शहराचा रस्ता काढण्यात मला काही वावगं वाटेनासं होतं. मग वाटतं, आपल्याला तिची काळजी होती की आपल्या अंगणाची?

15व्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. इथली माणसं काय नेसतात, केस कसे ठेवतात, हे त्याने लिहून ठेवलं. इथल्या कोणाला ते लिहिण्याजोगं वाटलं असतं असं मला वाटत नाही. जे रोजचं ते कोण टिपतो? तेव्हा दूर जाऊन डोळा परका करून आलेली पोरगीच कदाचित अंगण नीट काढेल. पण काढलेलं वाचतं का? नकाशात आलेली जागा मोजता येते, आणि मोजता आली की विकायला सोपी होते. हे तिला सांगावं तर शिकण्याच्या वयात तिचा हात आखडेल.

तिने पोर्टफोलिओसाठी आमच्या अंगणाची मापं मागवली आहेत. टेप लावली की लांबी-रुंदी निघेल. पण लग्नात पाहुणे वाढले की आमची पंगत गडगा ओलांडून शेजारच्यांच्या अंगणात जाते, त्यांची आमच्याकडे येते, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. टेपचं दुसरं टोक कुठे धरायचं, ते शेजाऱ्यांनाच विचारायला हवं.