शिंदळ माकुडीची पानगळ

प्रिय वहिनींस,


आपल्या गच्चीवरील शिंदळ माकुडीची पाने दिवाळीनंतर पिवळी पडून गळू लागली, यात रोगाचा काही भाग नसून तो त्या वनस्पतीचा स्वभावच आहे. धोका असलाच तर तो पानगळ पाहून वाढवल्या जाणाऱ्या पाण्याचा आहे.

शिंदळ माकुडी ही महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील मांसल, म्हणजे खोडात पाणी साठवणारी वनस्पती असून शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड यांसारख्या ठिकाणी, उभ्या कड्यांच्या ज्या फटींत माती जेमतेम असते, तेथे ती लोंबत वाढते. तिचे ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर (१८६२–६७) बार्टल फ्रिअर यांच्यावरून ठेवले; ते कडे चढण्याचे कष्ट गव्हर्नरांना बहुधा पडले नसावेत.

माकडशिंगीसारख्या तिच्या नातलगांची पाने नाममात्र असतात, हिला मात्र पावसाळ्यात भरदार पाने फुटतात, आणि लांगे व झुबर या संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिल्याप्रमाणे ही पाने व खोड अन्न वेगवेगळ्या रीतींनी तयार करतात. पाने सामान्य झाडांप्रमाणे दिवसा आपली रंध्रे, म्हणजे हवेच्या देवाणघेवाणीची सूक्ष्म छिद्रे, उघडतात व त्यांतून पुष्कळ पाणी गमावतात. खोड मात्र रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा ती मिटून त्या साठ्यावर काम भागवते. पाणी संपत आले की खर्चिक पाने टाकून देऊन केवळ खोडावर उन्हाळा काढणे हा तिचा व्यवहार आहे, आणि तो मोठा हिशेबी म्हटला पाहिजे.

म्हणून पाने असेपर्यंत माती सुकली की पाणी द्यावे, पाने गळल्यावर ते जवळजवळ बंद करावे, आणि कुंडीत काळ्या मातीऐवजी मुरूम, जाड वाळू व विटांचे तुकडे यांचे, थोडेसेच पानखत घातलेले मिश्रण भरावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या, पिवळे ठिपके असलेल्या जांभळट-तांबड्या चांदणीसारख्या फुलांवर माशा बसू लागल्या तर त्यांना हाकलू नये, कारण परागीभवन त्याच करतात.

धाकट्या वन्संना रोप हवे असल्यास खोडाचा एक तुकडा कापून, त्याची जखम सावलीत काही दिवस सुकवून मग लावला तर तो सहज मुळे धरतो. त्यामुळे अतिशय दुर्मिळ झालेल्या या वनस्पतीला किल्ल्याच्या कड्यावरून उपटून आणण्याचे काहीच कारण उरत नाही.



आपला दीर