बंदी

माझी मुलगी लग्नानंतर घानात, अक्रा शहरात राहायला गेली. तिच्या बाळंतपणासाठी आमच्या सौभाग्यवती मे महिन्यात तिकडे पोहोचल्या आणि पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "अहो, इथं महिनाभर ढोल वाजवायला बंदी आहे! चर्चमध्येसुद्धा सगळं बेतानं." मुख्याध्यापकाच्या कानाला ही बातमी गोड वाटली, हे कबूल केलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये रजा काढून मी गेलो, तेव्हा त्या बंदीचा अर्थ कळला. अक्रा हा मूळचा 'गा' लोकांचा मुलूख. त्यांच्या पूर्वजांनी मोठा दुष्काळ भोगला. पुढे मका उदंड पिकला, तेव्हा त्यांनी भुकेची हुर्यो उडवली, अशी कथा सांगतात. 'होमोवो' या सणाच्या नावाचा अर्थच तो. मे महिन्यात विधीपूर्वक मका पेरतात आणि पीक निवांत वाढावं म्हणून ढोल गप्प ठेवतात. ऑगस्टात सण आला की मक्याचं 'क्पोक्पोई' पूर्वजांच्या नावानं रस्त्यावर शिंपडलं जातं.

जावईबापू मला जेम्सटाउनच्या जुन्या वस्तीत घेऊन गेले. कोपऱ्यावर चारपाच पोरं 'क्पानलोगो' वाजवत होती. उभा, खाली निमुळता ढोल. खुंट्या ठोकून कातडं ताणायचं आणि हातांनी वाजवायचं. सोबत लोखंडी घंटा. सोळा मात्रांत तिचे ठोके फक्त पाच, तेही विषम अंतरावर : तीन, तीन, चार, दोन, चार. मी त्रितालाच्या हिशेबानं सम शोधू लागलो आणि दर वेळी चुकलो. माझी फजिती पाहून एक पोरगा हसला. त्यानं माझा हात धरला आणि माझ्या तळव्यावर बोटानं ते पाच ठोके दिले.

त्या बोटाच्या स्पर्शानं मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला.

वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा नववीला मराठी शिकवत असे. तो मागच्या बाकावर बोटांनी ठेका धरायचा. घरी पिढीजात हलगी. एकदा मी भर वर्गात बोललो, "तुझ्या घरचं इथं नको." बोटं थांबली. त्या वर्षानंतर तो शाळेतही दिसला नाही. सीमाभागात आपल्या भाषेची गळचेपी होते म्हणून मी किती भाषणं केली असतील! त्या पोराची भाषा मात्र मीच बंद केली होती.

क्पानलोगो 1960 च्या दशकात अक्राच्या तरुणांनी घडवला. तेव्हा वडीलधाऱ्यांना तो असभ्य वाटला होता. आज तो गा लोकांचा अभिमान आहे. मोठी माणसं तिथंही चुकली, इथंही चुकली.

परतल्यावर चौकशी करून त्याचा पत्ता काढला. तो आता गवंडीकाम करतो. दारात मला पाहून गडबडीनं उठला. "सर, तुम्ही?" मी स्नेहसंमेलनात हलगी वाजवशील का विचारलं. तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला. सिमेंटनं फुटलेले हात.

"आता सवय ऱ्हायली नाही, सर," तो म्हणाला. "पोराला शिकवीन म्हणतो. वाजवू देशीला न्हवं शाळेत?"

तिकडची बंदी महिन्याभरात उठते. माझी उठायला वीस वर्षं लागली. आणि तोवर त्याचा हंगाम निघून गेला होता.