सस्पेन्स खातं

बलबीर पाशा हे नाव आज कोणाला सांगितलं तर तो एखादा हैदराबादी पैलवान असावा असं वाटेल. पण २००२ च्या अखेरीला आणि २००३ च्या सुरुवातीला मुंबईत ज्यांनी लोकलचा पास काढला असेल, ते हे नाव विसरणं शक्य नाही. जिकडे बघावं तिकडे एकच प्रश्न : ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ बलबीर स्वतः कुठेच दिसायचा नाही. फक्त त्याच्याविषयी चर्चा. लोकलच्या डब्यात लोक त्याच्यावर पैजा लावायचे. मीही हसायचो. जानेवारी संपेपर्यंत हसलो. फेब्रुवारीत मीच बलबीर पाशा झालो.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. बी.कॉम., सेकंड क्लास, आणि दादरच्या एका सहकारी बँकेत नुकताच चिकटलेला क्लार्क. कॉलेजात माझ्याबरोबर एक मुलगी होती. नाव सांगत नाही, कारण ती आज दोन मुलांची आई आहे आणि माझे लेख वाचते. ठाण्याला ती मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. एका शनिवारी मैत्रीण गावाला गेली आणि मी चहाला गेलो. पुढचं तपशीलवार लिहिण्याइतका हा लेखक धीट नाही. एवढंच सांगतो, की विमा उतरवल्याशिवाय माल जहाजावर चढवू नये हे कॉमर्समध्ये शिकवलेलं मी विसरलो नव्हतो. हा विमा घेताना मेडिकलवाल्याकडे आधी खोकल्याचं औषध, मग बँडेजच्या पट्ट्या, मग लहान मुलांची ग्राइपवॉटरची बाटली असं सगळं मागून झालं, तेव्हा कुठे मूळ शब्द तोंडातून फुटला. विमा शेवटपर्यंत शाबूत राहिला. फाटला नाही, गळाला नाही. व्यवहार एकच.

तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली.

आदल्या दिवशी ठाण्यालाच दोन प्लेट मिसळ खाल्ली होती आणि दिवसभर पाणी म्हणून प्यायलो नव्हतो, हे मला आज आठवतं. तेव्हा आठवला तो बलबीर. मी सायबर कॅफे गाठला. त्या काळच्या सायबर कॅफेत पडदे लावलेल्या केबिन असत आणि पडद्याआड तरुण मंडळी काय बघत हे सर्वांना ठाऊक होतं. मी गरमी आणि परम्याचे फोटो बघत होतो. बाहेर पडताना मालकाने डोळा मारला. ‘मजा आहे साहेबांची!’ माझ्या चेहऱ्यावरचा घाम त्याने कशाचा समजला कोण जाणे.

घशात खवखवलं, की लक्षण. रात्री घाम आला, की लक्षण. फेब्रुवारीत, पंखा बंद ठेवून, दोन पांघरुणं घेऊन घाम आला तरी लक्षणच. मानेत एक गाठ लागली. ती वाढतेय की नाही हे मी तासातासाला दाबून बघायचो, आणि दाबल्यामुळे ती खरोखरच दुखायला लागली. मग वजन. डोंबिवली स्टेशनवर रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. सकाळी जाताना एकदा, संध्याकाळी येताना एकदा मी त्यावर उभा राहू लागलो. तिकिटावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. वजन ५६ किलो, आणि भविष्य : ‘आप का स्वभाव मिलनसार है.’ मिलनसार! याच स्वभावाने तर घात केला होता. तिकिटं मी तारीखवार डायरीत चिकटवली. हिशेब ठेवायची सवय अशी जाता जात नाही.

या सगळ्यातला एक भाग मात्र हसण्यासारखा नव्हता. मी घरात माझा कप, ताट आणि टॉवेल वेगळा केला. कपाने, ताटाने, टॉवेलने एड्स पसरत नाही हे मी कितीदा तरी वाचलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि आईचा कप वेगळा. चार दिवस आई काही बोलली नाही. पाचव्या दिवशी पोळी वाढता वाढता म्हणाली, “अरे, आमचं काही चुकलं का? वेगळं राहायचंय का तुला?” मला घास गिळेना. त्यामुळे घशाचं लक्षण आणखी पक्कं झालं.

घरच्या डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती. ते मला गोवर झाला तेव्हापासून ओळखत, आणि त्यांच्या दवाखान्यातली बातमी औषधाच्या आधी घरी पोचे. रेल्वेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, मिलो या लिखो’ म्हणून बोलावणारे हकीम होते, पण तेवढी अक्कल शिल्लक होती. शेवटी ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून दादरला ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ अशी पाटी असलेल्या डॉक्टरांकडे गेलो.

या पाटीतला ‘व’ फार महत्त्वाचा. आत बसलेल्या प्रत्येक पेशंटची धडपड आपण ‘व’च्या अलीकडचे आहोत हे दाखवायची असते. एकजण आपला गजकर्ण दंडापर्यंत बाही गुंडाळून मानपत्रासारखा मिरवत होता. दुसरा निष्कारण कोपर खाजवत होता. मीही खाजवायला सुरुवात केली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, “काय रे, तू इथे कसा?”

आमच्या मजल्यावरच्या काकू! डोंबिवलीकर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून दादरला जातो, आणि दादरला निम्मी डोंबिवली खरेदीला आलेली असते. “केस गळतात,” मी म्हणालो. काकूंनी माझ्या डोक्यावरच्या जंगलाकडे पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासलं. “दिवसातून किती वेळा बघता?”

“सात-आठ.”

“नाक दिवसातून आठ वेळा चोळून बघा. तेही लालच होईल. पाणी भरपूर प्या आणि हात लावायचा बंद करा.” लघवीच्या तपासणीत काही निघालं नाही. गरमीसाठी व्हीडीआरएल तपासणी सहा आठवड्यांनी करायला सांगितली. “धोका शून्य कोणाचाच नसतो,” ते म्हणाले, “पण तुम्ही काळजी घेतली होती. तुमचा फारच कमी आहे.” यातलं ‘फारच कमी’ मी दवाखान्यातच विसरलो आणि ‘शून्य नसतो’ तेवढं घेऊन घरी आलो.

घरी कांद्याचा वास येत होता. काकू माझ्या आधी पोचल्या होत्या. पुढचे पंधरा दिवस आई रोज रात्री माझ्या डोक्याला कांद्याचा रस चोळत होती. “बँकेत काम फार पडतं रे तुला,” म्हणायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ते कांद्याचं आहे असं समजायला दोघांनाही बरं पडायचं.

मग म्युनिसिपल हॉस्पिटलातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात गेलो. तेव्हा त्याला व्हीसीटीसी म्हणत, आता आयसीटीसी म्हणतात. (आता तर १०९७ फिरवला की फुकट सल्ला मिळतो. तेव्हा तो नंबर मला कोणी सांगितला असता, तर वजनकाट्यावर घातलेली नाणी वाचली असती.) तिथे माझं नाव कोणी पुकारलं नाही. नंबर दिला. रोज लोकांना टोकन देणारा मी, आयुष्यात पहिल्यांदाच टोकन घेऊन बाकावर बसलो. आतून हाक यायला दहा मिनिटं उशीर झाला की माणूस काउंटरवर का ओरडतो, ते मला त्या दिवशी कळलं.

समुपदेशक बाई माझ्या मावशीच्या वयाच्या होत्या. मी सगळं सांगितलं, खोकल्याच्या औषधापासून. त्यांनी न हसता ऐकून घेतलं. मग विचारलं, “आजाराची भीती जास्त वाटते, की केलं त्याची?”

मी बराच वेळ विचार करून म्हणालो, “खातं जॉइंट आहे.”

रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह आला. पण पक्कं उत्तर तीन महिन्यांनी, कारण मध्ये ‘विंडो पिरियड’ असतो. आताच्या नव्या लॅब चाचण्या साधारण दीड महिन्यात पुरेसं खात्रीचं सांगतात. तेव्हा नव्वद दिवसांची मुदत ठेव, आणि मुदतीआधी मोडायची सोय नाही.

त्या ठेवीच्या मध्येच ३१ मार्च आला. वर्षअखेरीचं क्लोजिंग. रात्री अकरा वाजले आणि शाखेच्या ताळ्यात नव्वद पैशांचा फरक. मी लेजरं पुन्हा पुन्हा उलटत होतो. माझी टोटल दर वेळी वेगळी यायची. हेडकॅशियर अण्णांनी चष्मा काढला. “अरे, किती वेळा तेच पान बघशील? बघून फरक मिटत नाही. टाक सस्पेन्स खात्यात आणि घरी जा. सापडेल सावकाश.” अण्णा नव्वद पैशांबद्दल बोलत होते. मी दोन्ही टाकले. त्या रात्री दोन महिन्यांनी झोप लागली, आणि सकाळी चहा आईच्याच कपातून प्यायलो. आईने बघितलं, बोलली काहीच नाही, पण साखर जास्त पडली होती.

नव्वद पैसे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सापडले. व्हीडीआरएल त्याच सुमारास कोरी आली आणि मुदत ठेव मेच्या सुरुवातीला पिकली. नॉन-रिॲक्टिव्ह.

त्याच महिन्यात ती दादर स्टेशनबाहेर भेटली. तीन महिने मी तिचा फोन टाळला होता. तिने तक्रार केली नाही. रसवंतीत बसल्यावर एवढंच म्हणाली, “मी टेस्ट करून घेतली. नॉर्मल आहे.”

माझा चेहरा पडला. “म्हणजे? माझ्यावर संशय? मी तसला वाटलो तुला? तीन वर्षं एका बाकावर बसलो आपण!”

ती शांतपणे माझ्याकडे बघत राहिली. “तू नाही केलीस?”

मी ग्लासातला बर्फ ढवळू लागलो. “...दोनदा.”

ती इतकी हसली की रसवाल्याने चरक थांबवला. मग मीही हसलो, आणि दोघांनी आणखी एकेक ग्लास सांगितला. दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर मला दिसलं, की पोरगा सगळे ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढत होता.

“ए,” मी म्हणालो, “माझे डोळे जरा पिवळट दिसतात का बघ ना.”