इंजेक्शननंतर अर्धा तास कशाला बसायचं?

माझ्या दवाखान्यात इंजेक्शनच्या टेबलाजवळ एक ट्रे कायम तयार असतो. त्यात ॲड्रेनलिनचे ॲम्प्यूल, सिरिंज आणि सुया. मुदत संपली की ॲम्प्यूल न वापरताच टाकून द्यायचे आणि नवे आणायचे. आमचे कंपाउंडर दर वेळी विचारतात, "डॉक्टर, हे लागत तर कधीच नाही. मग आणायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. तुमच्याही मनात येत असेल.

लस किंवा इंजेक्शन घेतल्यावर क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते. तिला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, दम लागतो, रक्तदाब एकदम खाली येतो. लसीमुळे असे होण्याचे प्रमाण दहा लाख डोसमागे साधारण एक आहे. पेनिसिलीनसारख्या औषधांमुळे ते याहून जास्त असते.

शक्यता इतकी कमी असली, तरी तो प्रसंग आला तर हाताशी काही मिनिटेच असतात. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत दिलेले ॲड्रेनलिन जीव वाचवते. ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाही. मेडिकलमधून आणू म्हटले तर उशीर होतो.

म्हणून निर्णय घेताना मी फक्त "असं कितीदा होतं?" एवढेच विचारत नाही. आणखी तीन प्रश्न विचारतो:

१. झालेच तर नुकसान भरून येईल का?
२. हे काम आपण किती वेळा करतो? वर्षानुवर्षे रोज केले, तर छोटी शक्यताही साठत जाते.
३. खबरदारीला खर्च किती?

इथे उत्तर सोपे आहे. एका बाजूला जीव, दुसऱ्या बाजूला थोडेसे पैसे आणि अर्धा तास.

मात्र या हिशोबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. दहा लाखांत एकाच्या भीतीने लसच टाळणे चुकीचे आहे, कारण न घेतलेल्या लसीचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. धोका गंभीर असला तर तयारी ठेवायची, काम थांबवायचे नाही.

तुमच्या कारखान्यात, ऑफिसात किंवा शाळेतही हेच तीन प्रश्न विचारून पाहा. आणि पुढच्या वेळी इंजेक्शननंतर बसायला सांगितले, तर घाई करू नका. आधी कशाची ॲलर्जी झाली असेल, तर ते सुई टोचण्याआधीच डॉक्टरांना सांगा.